स्वच्छ टोन, गढूळ डेटा : बेळगावातील एका व्हीएचएफ ट्रान्समीटरचे प्रकरण

ट्रान्समीटरला एकच टोन दिला तेव्हा स्पेक्ट्रम स्वच्छ होता. एफएमवर बोलून पाहिले तेव्हाही स्वच्छ. आणि ज्यासाठी तो बांधला होता तो क्यूपीएसके डेटा (वाहकाची फेज बदलून पाठवलेले बिट) सुरू केला की १४५ मेगाहर्ट्झच्या दोन्ही बाजूंना शोल्डर, म्हणजे सिग्नलच्या बाजूचे नको असलेले उंचवटे, चढायचे, शेजारच्या चॅनेलमध्ये सांडायचे. ही तीन निरीक्षणे शेजारी शेजारी ठेवली तर निम्मे निदान तिथेच होते. तरीही सगळ्यांची बोटे बराच काळ एकाच चिपकडे होती : डॅककडे, म्हणजे डिजिटल आकड्यांचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणाऱ्या कन्व्हर्टरकडे. हे प्रकरण सविस्तर लिहायचे ते त्यासाठीच. वेगवान डॅक विकत घेताना आपण बिट मोजतो, पण ट्रान्समीटर स्वच्छ होतो की नाही हे बहुतेक वेळा क्लॉक (डॅकला ताल देणारा सिग्नल), फ्रिक्वेन्सीची आखणी आणि डॅकच्या पिनेला लगेच पुढे काय जोडले आहे यावर ठरते.

प्रकल्प आणि त्यामागची गरज

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा एकदम फुगल्या आणि बेळगाव जिल्ह्यातली कितीतरी गावे पाण्यात गेली. तेव्हापासून इथल्या परवानाधारक हौशी रेडिओ मंडळींत एक विषय सतत निघतो. मलप्रभेचा उगम कणकुंबीला, खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला. त्या पट्ट्यात पाऊस प्रचंड, जंगल दाट, वीज गेली की मोबाइलचा भरवसा नाही. तिथून खानापूर आणि पुढे बेळगावपर्यंत पावसाचे, पाण्याच्या पातळीचे, माणसांच्या निरोपांचे छोटे छोटे डेटा पॅकेट मोबाइलवर न विसंबता आणता येतील का? हौशी मंडळींसाठी भारतात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा खुला आहे. टेकड्यांच्या मुलखात तो बरा चालतो आणि जुन्या व्हीएचएफ संचांचे सुटे भागही मिळतात.

काम हाती घेतले अंतिम वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांनी. मुलगा खानापूरचा, मुलगी निपाणीची. जागा मिळाली उद्यमबागेतल्या एका ओळखीच्या शेडच्या पोटमाळ्यावर, खाली लेथ आणि वर सोल्डरिंग. दोघांकडे अजून परवाना नव्हता, म्हणून पहिल्या दिवसापासून नियम एकच : अँटेना जोडायची नाही, सगळी पॉवर डमी लोडमध्ये, म्हणजे अँटेनाऐवजी पॉवर जिरवणाऱ्या रेझिस्टरमध्ये. चाचणीसाठी परवानाधारक म्हणून मला बोलावले होते.

त्यांची मांडणी देखणी होती. एफपीजीए (आतले लॉजिक हवे तसे आखता येणारी चिप) बोर्डात क्यूपीएसके सिग्नल तयार होतो, २० मेगाहर्ट्झवर उचलला जातो आणि १४ बिटच्या, १२५ मेगासॅम्पलच्या डॅककडे जातो. डॅक त्यांनी स्वतः आखलेल्या चार पदरी छोट्या पीसीबीवर बसवला होता, मागे एक ट्रान्सफॉर्मर. वेगळा मिक्सर नाही, लोकल ऑसिलेटर नाही. मग २० चे १४५ कसे होतात? डॅकच करतो.

प्रतिमा वापरण्याची युक्ती

डॅक दर आठ नॅनोसेकंदांनी नवा आकडा घेतो आणि पुढचा येईपर्यंत तोच धरून ठेवतो. या पायऱ्या-पायऱ्यांच्या सिग्नलमध्ये मूळ २० मेगाहर्ट्झसोबत त्याच्या प्रतिमाही असतात. १२५ वजा २० म्हणजे १०५, १२५ अधिक २० म्हणजे १४५, मग २३०, २७० आणि पुढे. सर्वसाधारण उपयोगात लो-पास (फक्त खालच्या फ्रिक्वेन्सी जाऊ देणारा) फिल्टर लावून या प्रतिमा पुसून टाकतात. या मुलांनी उलटे केले. मूळ सोडून दिला आणि १४५ ची प्रतिमा उचलली. ही युक्ती पक्की आहे, अनेक ट्रान्समीटरमध्ये वापरली जाते आणि मला ती मनापासून आवडते, कारण एक अख्खा मिक्सर आणि त्याची गळती दोन्ही वाचतात.

पण तिची किंमत असते. आकडा धरून ठेवण्यामुळे डॅकच्या आउटपुटवर साइन एक्स भागिले एक्स या वक्राची उतरण बसते. २० मेगाहर्ट्झवर नुकसान जेमतेम ०.४ डीबी (डीबी हे गुणोत्तराचे लॉगमधले एकक, १० डीबी म्हणजे पॉवरमध्ये दहा पट). १४५ वर तेच १७.६ डीबी. प्रतिमांची आपसातली तुलना तर तोंडी करता येते : दोन प्रतिमांच्या उंचीचे गुणोत्तर त्यांच्या फ्रिक्वेन्सीच्या व्यस्त असते. २० भागिले १४५, डीबीत उणे १७.२. २० भागिले १०५, उणे १४.४. म्हणजे आपल्याला हवा असलेला सिग्नल डॅकमधून बाहेर पडणाऱ्या तिघांतला सगळ्यात दुबळा, आणि नको असलेला २० सगळ्यात दांडगा.

(नॅरोबँड कामात काही जण इथे उलटी साइन एक्स भरपाई डिजिटल भागात घालू पाहतात. २५ किलोहर्ट्झच्या चॅनेलमध्ये या वक्राचा उतार मोजण्याइतकाही नसतो. ती भरपाई शेकडो मेगाहर्ट्झ रुंद सिग्नलसाठी. इथे तिच्यावर एक संध्याकाळही घालवू नये.)

बाकीच्या आकड्यांकडे मात्र पहिल्याच भेटीत बोट दाखवावे लागले. १०५ मेगाहर्ट्झ हे एफएम प्रसारणाच्या ८८ ते १०८ च्या पट्ट्यात येते. क्लॉकचे १२५ मेगाहर्ट्झ येते विमानांच्या संभाषणाच्या ११८ ते १३७ च्या पट्ट्यात. सांबऱ्याचा विमानतळ शहराला लागून आहे. कुणाच्या स्वयंपाकघरातला रेडिओ बिघडवणे वाईटच, पण वैमानिकाच्या कानात आवाज घालणे ही वेगळ्याच दर्जाची गोष्ट आहे. म्हणून डेटाच्या गुणवत्तेइतकीच या दोन रेषांची काळजी सुरुवातीपासून घ्यायची असे ठरले.

संशय आधी बिटांवर

“टोन बघितलोय सर, एकदम क्लीन आहे. एफएम पण क्लीन. डेटा लावला की घाण होतंय,” खानापूरचा म्हणाला. निपाणीच्या मुलीने अंदाजपत्रक पुढे केले. “सर, सोळा बिटचा डॅक मागवूया का? जरा महाग आहे, पण एकदाच.”

हा विचार कुठून येतो ते समजण्यासारखे आहे. वर्गात डॅक म्हणजे रेझिस्टरांची आर-टू-आर शिडी, पायऱ्यांचे चित्र आणि बिट वाढवले की पायऱ्या बारीक, एवढ्यावर विषय संपतो. म्हणून आधी हिशेब मांडला. आदर्श डॅकचा सिग्नल आणि क्वांटायझेशनच्या गोंगाटाचे गुणोत्तर ६.०२ गुणिले बिट अधिक १.७६ डीबी. १४ बिटला ८६ डीबी. हा गोंगाट शून्यापासून ६२.५ मेगाहर्ट्झपर्यंत पसरलेला असतो. आपल्या २५ किलोहर्ट्झच्या वाट्याला त्यातला अडीच हजारावा भाग येतो, म्हणजे आणखी ३४ डीबीचा फायदा. एकूण १२०. प्रतिमेच्या जागी सिग्नल खाली येतो तसा हा गोंगाटही त्याच वक्राने खाली येतो, त्यामुळे गुणोत्तर तेच राहते. समोर स्क्रीनवर शोल्डर दिसत होते सिग्नलच्या जेमतेम ३० डीबी खाली. १२० डीबी उपलब्ध असताना बिट वाढवून ३० चे ३१ सुद्धा होणार नव्हते. चौदा बिट या कामाला पुरून उरणारे होते.

डॅकची स्वतःची वक्रता, म्हणजे आउटपुट इनपुटच्या सरळ प्रमाणात न राहणे, हा दुसरा संशय. तो जास्त वाजवी. असल्या डॅकमध्ये वरचे बिट समान प्रवाहांच्या अनेक स्रोतांनी बनवलेले असतात आणि खालचे बिट दुपटी-निमपटीच्या स्रोतांनी. स्रोतांमधला थोडा फरक, स्विच उघडण्या-मिटण्याच्या वेळांतला फरक, यातून हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटी) आणि इंटरमॉड्युलेशन (फ्रिक्वेन्सींच्या बेरजा-वजाबाक्या) निघतात. पण २० मेगाहर्ट्झवर अशा चिपकडून ३० डीबीइतकी वाईट वागणूक येत नाही. काहीतरी दुसरेच दाबले जात होते.

एफएम चालते, क्यूपीएसके नाही

इथे त्या तीन निरीक्षणांकडे परत यावे लागते. टोनची उंची बदलत नाही. एफएमचीही नाही, तिथे फक्त फ्रिक्वेन्सी हलते. क्यूपीएसके मात्र फिल्टरमधून गेल्यावर एका चिन्हाकडून दुसऱ्याकडे जाताना मोठा-लहान होत राहतो. ज्या सिग्नलची उंची स्थिर तो स्वच्छ आणि ज्याची बदलती तो गढूळ, म्हणजे साखळीत कुठेतरी गेन (सिग्नल किती वाढतो ते प्रमाण) उंचीवर अवलंबून आहे. कुठलातरी अ‍ॅम्प्लिफायर दबतो आहे.

मुलांनी ही शक्यता तपासून बाजूला ठेवली होती आणि त्यांचा हिशेब कागदावर बरोबर होता. डॅकमधून पूर्ण आवाक्यात साधारण ० डीबीएम, म्हणजे एक मिलिवॉट, मिळतात. १४५ वर १७.६ वजा, म्हणजे उणे १७.६. पुढे २० डीबीचा गेन ब्लॉक, म्हणजे सिग्नल वाढवणारी चिप : अधिक २.४ डीबीएम. त्या ब्लॉकचा एक डीबी कॉम्प्रेशनचा बिंदू, म्हणजे जिथे तो दबू लागतो ती पातळी, अधिक १८. पंधरा डीबीहून जास्त मोकळी जागा. दबण्याचा प्रश्नच कुठे येतो?

तो येतो, कारण गेन ब्लॉकला आपल्या मनातली फ्रिक्वेन्सी ठाऊक नसते. त्याच्या पिनेवर १४५ एकटा येत नव्हता. सोबत २० मेगाहर्ट्झ होता, ०.४ वजा जाता जवळजवळ पूर्ण ० डीबीएमचा. २० डीबी गेननंतर त्याला अधिक १९.६ व्हायचे होते, आणि ब्लॉक १८ लाच दमणारा. मोकळी जागा पंधरा डीबी नव्हती, उणे दीड होती. बँड-पास (ठरावीक पट्टाच पुढे जाऊ देणारा) फिल्टर मांडणीत होता, पण गेन ब्लॉकच्या नंतर. तो २० आणि १०५ ला छान गाळत होता आणि त्यामुळेच शेवटी जोडलेल्या, फ्रिक्वेन्सीनुसार सिग्नलची उंची दाखवणाऱ्या अ‍ॅनालायझरवर गुन्हेगार दिसतच नव्हता.

ऊसतोडणीच्या हंगामात खानापूर रस्त्याला लागलात तर पुढच्या ट्रॉलीचा वेग तोच मागच्या स्कूटरचा वेग, स्कूटरचे इंजिन कितीही चांगले असो. २० मेगाहर्ट्झ ही इथली ट्रॉली. तिची उंची वाढली की ब्लॉकचा गेन पडतो आणि मागून येणाऱ्या दुबळ्या १४५ लाही तोच पडलेला गेन मिळतो. दोघांवर डेटा एकच, म्हणून गेनची ही चढउतार नेमकी डेटाच्या तालावर होते.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडते, आणि या प्रकरणातली ती मला सर्वात महत्त्वाची वाटते. तिसऱ्या घाताची वक्रता असली की दोन फ्रिक्वेन्सींची बेरीज अशीही बनते : १०५ अधिक दोनदा २०. उत्तर १४५. थेट आपल्या चॅनेलच्या मध्यावर. यात योगायोग काही नाही. क्लॉक कोणताही असो, क्लॉक वजा एफ (एफ म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सी, इथे २०) यात दोन एफ मिळवले की क्लॉक अधिक एफ येणारच. स्थिर टोनमध्ये हे उत्पादन मूळ रेषेच्या आतच लपते, रेषा किंचित कमीजास्त होते, इतकेच. डेटा असला की ते शोल्डर होऊन बाहेर पडते. आणि एकदा ते १४५ वर बसले की पुढे जगातला कुठलाही फिल्टर त्याला वेगळे काढू शकत नाही. गाळायचे असेल तर दबण्याच्या आधी गाळावे लागते.

खात्री

तर्क पटला तरी मोजल्याशिवाय बदल करायचा नाही. आधी अ‍ॅनालायझरचीच परीक्षा घेतली. त्याच्या तोंडावर सिग्नल कमी करणारा १० डीबीचा अ‍ॅटेन्युएटर लावला, सगळे चित्र १० डीबीने सरळ खाली आले, शोल्डर आणि मधला भाग दोन्ही सारखे. म्हणजे वक्रता उपकरणात नव्हती. अनेक जण ही पायरी गाळतात आणि मग उपकरणाने स्वतःच बनवलेल्या रेषांच्या मागे धावतात. स्वस्त एसडीआर डोंगल (संगणकाला लावायचा रेडिओ रिसीव्हर) वापरणाऱ्यांनी तर ही चाचणी प्रत्येक वेळी करावी, आठ बिटचे ते उपकरण फार लवकर भरून वाहते.

मग डॅक आणि गेन ब्लॉक यांच्या मध्ये ३ डीबीचा पॅड, म्हणजे तसाच सिग्नल कमी करणारा तुकडा. तिसऱ्या घाताचा दोष असेल तर सिग्नल ३ डीबीने उतरताना दोष ९ ने उतरतो, म्हणजे सिग्नलच्या तुलनेत ६ ने सुधारतो. शोल्डर पाच-सहा डीबीने खाली सरकले. दोष डॅकच्या आत असता तर या पॅडने तुलनेत काहीच फरक पडला नसता. एफपीजीएतून उंची कमी केली असती तर डॅक आणि ब्लॉक दोघेही एकदम शांत झाले असते आणि काही कळले नसते. पॅड नेमका कुठे घालायचा यातच या चाचणीचा सगळा अर्थ आहे.

फिल्टर पुढे आणताना

फिल्टर उचलून गेन ब्लॉकच्या आधी ठेवायचा, एवढे सोपे ते नाही. बँड-पास फिल्टर नको असलेली ऊर्जा खात नाही, परत पाठवतो. २० मेगाहर्ट्झची सगळी ताकद परत डॅकच्या पिनांवर येते. डॅक हा प्रवाहाचा स्रोत. त्याला ५० ओहमचा भार दिसत असेल तर पिनेवरचा व्होल्टेज काबूत राहतो. तोच भार २० मेगाहर्ट्झला भलताच दिसू लागला तर व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेबाहेर झुलतो आणि मग खरोखरच डॅक वक्र वागू लागतो. म्हणजे ब्लॉकचा आजार बरा करायला जाऊन तो डॅकला लावायचा.

म्हणून २० ला त्याची स्वतःची वाट दिली. ट्रान्सफॉर्मरनंतर एक डायप्लेक्सर : साधारण ६० मेगाहर्ट्झखालचे सगळे एका लो-पास फांदीतून ५० ओहमच्या रेझिस्टरमध्ये जिरते, वरचे हाय-पास फांदीतून पुढे जाते. १०५ अजूनही फिल्टरवरून परत फिरतो, त्यासाठी मध्ये ३ डीबीचा छोटा पॅड. मग फिल्टर.

फिल्टरसाठी तीन कप्प्यांचा हेलिकल निवडला. पितळेचा ठोकळा, आत प्रत्येक कप्प्यात तांब्याच्या तारेचे वेटोळे, वरून ट्यूनिंगचा स्क्रू. विकत मिळतो, पण खालीच लेथ होता. तो चालवणाऱ्या काकांना चित्र दाखवले. “माप तेवढं नीट लिहून दे बाळ. पितळ माझ्याकडं हाय.” भिंती त्यांनी इतक्या सरळ काढल्या की तिन्ही कप्पे जवळजवळ एकाच स्क्रूच्या उंचीवर जुळले. जुळवणी नॅनोव्हीएनएवर (फिल्टर मोजायच्या छोट्या उपकरणावर) झाली. पट्टा सुमारे ३ मेगाहर्ट्झ, नुकसान अडीच डीबी. उद्यमबागेत हायड्रॉलिकचे आणि ओतकामाचे सुटे भाग बनवणारे हात व्हीएचएफचे फिल्टर किती सुरेख बनवू शकतात, हे इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांनी खाली उतरून बघायला हवे.

डायप्लेक्सर, पॅड आणि फिल्टर मिळून सहा डीबी गेले. सिग्नल उणे २४ डीबीएमजवळ आला तेव्हा मुले जरा काळजीत पडली. पण २५ किलोहर्ट्झमधला औष्णिक गोंगाट उणे १३० डीबीएमच्या आसपास असतो. शंभर डीबीची जागा शिल्लक होती. आणखी एक गेन ब्लॉक लावून पातळी परत मिळवली. आता दोन्ही ब्लॉकना फक्त १४५ दिसत होता आणि कागदावरची मोकळी जागा खरी झाली. शोल्डर सिग्नलच्या ५० डीबीहून अधिक खाली उतरले.

उतरल्यावर दिसलेला क्लॉक

शोल्डर गेल्यावर त्यांच्याखाली झाकलेले एक दुसरे दृश्य उघडे पडले. वाहकाच्या (कॅरियरच्या) पायाशी दोन्ही बाजूंना गोंगाटाचा घेर. तो टोनवरही होता, म्हणजे गेनशी संबंध नाही. डॅकच्या आउटपुटवर थेट २० मेगाहर्ट्झची रेषा पाहिली, तिथेही घेर होता, पण बराच खाली. दोन्हींतला फरक सुमारे १७ डीबी.

हा आकडा आधी येऊन गेला आहे. १४५ भागिले २०, डीबीत १७.२. क्लॉकची कड जितकी थरथरते तितकी सिग्नलची वेळ चुकते, आणि फ्रिक्वेन्सी जितकी जास्त तितकी त्या चुकीची शिक्षा मोठी. सूत्र असे : गुणोत्तर बरोबर उणे २० लॉग, कंसात २ पाय गुणिले फ्रिक्वेन्सी गुणिले थरथर. क्लॉक ५ पिकोसेकंद थरथरत असेल तर २० मेगाहर्ट्झवर ६४ डीबी मिळतात, १४५ वर ४७. थरथर ५० पिकोसेकंद असेल तर १४५ वर फक्त २७. हा सगळा गोंगाट एकाच चॅनेलमध्ये येत नाही, तो पसरतो, तरी पायाशी जमणारा भाग डेटाला टोचतोच. प्रतिमा वापरायची तर क्लॉक तिच्या फ्रिक्वेन्सीला शोभेल असा हवा, मूळ सिग्नलच्या नव्हे. १२५ मेगासॅम्पलचा डॅक घेतला म्हणून क्लॉकवर बचत करता येत नाही.

डॅकला क्लॉक एफपीजीएच्या आतल्या पीएलएलमधून (एका क्लॉकवरून दुसरा बनवणाऱ्या भागातून) मिळत होता. वायरिंगला तेच सोपे पडते, डेटा आणि क्लॉक एकाच घरातून निघतात. पण त्या घरात शेकडो फ्लिपफ्लॉप एकाच वेळी उड्या मारत असतात आणि त्यांचा हादरा क्लॉकच्या कडेपर्यंत पोहोचतो. मुलीने पीसीबीवर दूरदृष्टीने एक जंपर ठेवला होता. तो फिरवून क्रिस्टल ऑसिलेटरचा १२५ थेट डॅकला दिला आणि त्याचीच एक शाखा एफपीजीएला. घेर पंधराएक डीबीने बसला.

बदल्यात वेळेची जुळवाजुळव आली. क्लॉकच्या कडेआधी आणि नंतर दीड-दोन नॅनोसेकंद डेटा स्थिर हवा, आणि एकूण वेळ आठच नॅनोसेकंदांचा. एफपीजीएतून डेटाची फेज थोडी थोडी सरकवत जाऊन कुठे स्पेक्ट्रम फुटतो त्या दोन्ही कडा शोधल्या आणि मध्यावर उभे राहिलो. मध्य एकदा सापडला की पोटमाळ्याच्या दुपारच्या उकाड्यातही तो ढळला नाही.

पट्ट्यातली जागा

आता १४० आणि १५० मेगाहर्ट्झवर दोन बारीक रेषा दिसू लागल्या. या डॅकच्याच. २० चा पाचवा हार्मोनिक १००, तो १२५ च्या आरशात २५ (१२५ वजा १००) होतो आणि त्याची प्रतिमा १५०. सातवा हार्मोनिक सरळ १४०. वाहकापासून दोन्ही ५ मेगाहर्ट्झ दूर, हेलिकल तिथे तीसएक डीबी देतो, त्यामुळे त्रास नाही. पण फ्रिक्वेन्सी थोडी वर नेली की बघा काय होते : हे अंतर असते क्लॉक वजा सहा एफ. १४५.५ वर अंतर २ मेगाहर्ट्झच उरते आणि फिल्टर जवळजवळ निरुपयोगी. १४५.८३३ वर दोन्ही रेषा वाहकावरच येऊन बसतात. खाली १४४.५ ला उतरलो तर अंतर ८ मेगाहर्ट्झ होते. म्हणून फिल्टर पुन्हा जुळवून संच पट्ट्याच्या खालच्या अर्ध्या भागात, देशातल्या हौशी मंडळींच्या पट्टेवाटपाशी जुळेल अशा जागी नेला. एक पैसाही खर्च न होता मिळालेली ही सुधारणा. फ्रिक्वेन्सीची आखणी म्हणतात ती हीच, आणि ती चिप निवडण्याआधी एका कागदावर करता येते.

क्लॉकची १२५ ची रेषा वेगळ्या मार्गाने येत होती. डॅकला सतत मधला आकडा दिला, सिग्नल पूर्ण थांबला, तरी रेषा तशीच. मग पुढच्या साखळीचा पुरवठा वेगळा केला, डिजिटल भाग पत्र्याच्या डब्यात झाकला, डब्याच्या भिंतीतून तारा फीडथ्रू कपॅसिटरमधून काढल्या. रेषा गोंगाटात बुडाली. १०५ साठी एक साधी चाचणी कुणालाही करता येईल : जवळ खिशातला एफएम रेडिओ १०५ वर लावायचा. वाहक गळत असेल तर रेडिओची सरसर एकदम थांबते. संच चालू-बंद करून पाहायचे. डब्याआधी सरसर थांबायची, डब्यानंतर थांबली नाही.

अंतिम अ‍ॅम्प्लिफायरसह ५ वॉटवर सगळे पुन्हा मोजले. व्हीएचएफवरच्या अवांछित उत्सर्जनासाठी आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांतले सूत्र ४३ अधिक १० लॉग पॉवर; ५ वॉटला ५० डीबी. म्हणजे कुठलीही भटकी रेषा उणे १३ डीबीएमपेक्षा, ०.०५ मिलिवॉटपेक्षा, मोठी नको. १०५ आणि १२५ दोन्ही याच्या खूप खाली होते. तरी विमानांच्या पट्ट्यात नियमापुरते थांबायचे नाही असे ठरवून १२५ ची मोजणी दर बदलानंतर परत करण्याची अट आम्ही चाचणीच्या यादीत कायम ठेवली आहे.

पुढची आवृत्ती

आहे तो संच चालतो, पण १२५ चा क्लॉक या पट्ट्यासाठी मुळात गैरसोयीचा आहे. १४५ ला पोहोचायचे तर २० शिवाय पर्यायच नाही, आणि मग १०५ एफएममध्ये, १२५ विमानांमध्ये, पाचवा-सातवा हार्मोनिक अंगावर. क्लॉक २०० केला तर चित्र पालटते. मूळ सिग्नल ५५ वर ठेवायचा आणि २०० वजा ५५ ही प्रतिमा घ्यायची. वक्राचे नुकसान १७.६ ऐवजी ९.५ डीबी. दांडगा मूळ सिग्नल वाहकापेक्षा फक्त ८.४ डीबीने वरचढ. पुढची प्रतिमा २५५ वर, ११० मेगाहर्ट्झ लांब, आणि क्लॉक विमानांच्या पट्ट्याबाहेर. या प्रतिमेत स्पेक्ट्रम उलटा होतो, पण एफपीजीएत सिग्नलच्या आय आणि क्यू या दोन घटकांपैकी क्यूचे चिन्ह बदलले की झाले. १४ बिटचा, २१० मेगासॅम्पलचा एडी९७४४ या आखणीत बसतो.

मोबाइलच्या मोठ्या बेस स्टेशनमध्ये आता असे कसब फारसे करावे लागत नाही. एडी९१६४ सारखा १६ बिटचा डॅक १२ गिगासॅम्पलवर चालतो आणि कित्येक गिगाहर्ट्झचा सिग्नल सरळ काढतो. एडी९७३९ हा २.५ गिगासॅम्पलचा डॅक मिक्स मोडमध्ये प्रत्येक सॅम्पलच्या मध्यावर चिन्ह उलटवून वरच्या प्रतिमांनाच बळ देतो. पण त्यांचीही क्लॉकची भूक मोठी आहे, आणि त्यांच्या पिनेनंतर पहिला घटक कोणता हा प्रश्न तोच राहतो. मुलीने अंदाजपत्रकातली सोळा बिटची ओळ खोडली. त्या पैशात २०० मेगाहर्ट्झचा कमी थरथरीचा ऑसिलेटर आणि काकांसाठी आणखी दोन फिल्टरचे पितळ बसते. खानापूरचा मुलगा परवान्याच्या परीक्षेच्या तयारीला लागला आहे. तो पास होऊन परवाना हाती येईपर्यंत संच डमी लोडवरच राहील.